तेहेतीस स्पोकांचं वाण

दिवाळसणाला जावयानं रुसायचं असतं, एवढं नारायणरावांना ठाऊक होतं. पण रुसून मागायचं काय, याचा विचार करायचा ते साफ विसरले, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

सांगलीला सासुरवाडी. नारायणराव पाटावर बसलेले, अंगाला उटण्याचा वास, समोर चकल्या-करंज्यांचं ताट, आणि भोवती सासरची पंधरा-वीस माणसं टक लावून बघतायत की जावईबापू आता मागतात तरी काय. थोरल्या साडूनं दोन वर्षांपूर्वी मनगटी घड्याळ मागून घेतलं होतं. तो शेजारच्याच पाटावर बसून दर दोन मिनिटांनी ते कानाला लावून बघत होता. नारायणरावांना खरं म्हणजे एक छत्री पाहिजे होती. पण घड्याळापुढे छत्री मागायची? माणसाला काही अब्रू आहे की नाही! त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि तोंडाला आलं ते बोलून टाकलं.

“सायकल.”

आत स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातून झारा पडला. सासरे मात्र जागचे हलले नाहीत. त्यांना सगळे तात्या म्हणत. सांगली संस्थानात तीस वर्षं दफ्तर सांभाळून पेन्शनीत निघालेला हा माणूस. पंचांग, धर्मशास्त्र आणि व्यवहार ही तिन्ही एकाच उपरण्यात बांधून फिरायचा. सुपारी कातरता कातरता तात्या म्हणाले, “दिली.”

आता ‘दिली’ म्हणायला काय जातं? दिवस लढाईचे. विलायतेहून बोटी येत होत्या त्या तोफा घेऊन येत होत्या, सायकली घेऊन नव्हे. तात्यांनी दोन दिवस सांगलीची पेठ पालथी घातली, आणि भाऊबिजेच्या संध्याकाळी एक काळीभोर वस्तू खांद्यावर टाकून घरी आले. सायकलचा सांगाडा. चाकं नाहीत, हँडल नाही, बसायला जागा नाही.

“जावईबापू,” तात्या म्हणाले, “हा या सणाचा. बाकीची सायकल सणासणाला येत राहील. माझा शब्द म्हणजे शब्द.”

आणि हा माणूस खरोखरच शब्दाचा पक्का निघाला हो! संक्रांतीला तिळगुळाबरोबर हँडल आलं. पाडव्याला पायडल आणि चेन. नागपंचमीला पुढचं चाक, अगदी तयार. दसऱ्याला सोनं लुटायला गेलेल्या नारायणरावांच्या हातात तात्यांनी आपट्याच्या पानाबरोबर एक घंटी ठेवली. दुसऱ्या दिवाळीला सीट, ब्रेक आणि मागचं कॅरियर. दर खेपेला नारायणराव सांगलीहून सातारला सर्व्हिस मोटारीनं यायचे, आणि कंडक्टर दर खेपेला विचारायचा, “रावसाहेब, बाकीची सायकल कुठं ठेवून आलात?”

सातारला शनिवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत ही सायकल भिंतीवर टांगून राहत होती. त्यांची बायको विनोदिनी सांगाड्यावर ओली लुगडी वाळत घालायची आणि हँडलला पिशव्या अडकवायची. शेजारीण आली की म्हणायची, “ही आमची सायकल. तात्यांनी दिलीय.” शेजारीण बघायची, तिला दिसायची बटाट्याची पिशवी.

असं आणखी दहा वर्षं चाललं असतं तरी नारायणरावांची काही तक्रार नव्हती. (का नव्हती, ते पुढे येईलच.) पण मामलेदार कचेरीत, जिथं ते बारा वर्षं कारकुनी करत होते, तिथं एक नवी जागा निघाली. धान्य-तपासनीस. लढाईमुळं तांदूळ, गहू, साखर, सगळंच कंट्रोलात. तेव्हा माहुली, वाढे, लिंब अशा गावांतून हिंडून तिथली धान्याची दुकानं तपासायची. टेबलावरून उठायचं, साहेबी टोपी घालायची, आणि दुकानदारांनी उभं राहून नमस्कार करायचे. बारा वर्षं दुसऱ्यांना नमस्कार करून करून नारायणरावांच्या हाताचे तळवे गुळगुळीत झाले होते. त्यांना ती जागा हवीच होती. जागेची अट एकच. छापील अर्जात लिहिलं होतं: ‘उमेदवाराची स्वतःची सायकल आहे काय?’

कचेरीत कुणाकडेच सायकल नव्हती. नारायणरावांनी टाक बुडवला आणि लिहिलं: ‘आहे.’ (ती भिंतीला टांगलेली आहे, हे लिहायला अर्जात जागा ठेवलेली नव्हती.)

मामलेदारसाहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “उत्तम. पंधरा दिवसांनी, सोमवारी, सायकल घेऊन या. मी प्रत्यक्ष बघून शिक्का मारीन.”

घरी येऊन नारायणरावांनी भिंतीकडे बघितलं. सगळं आलं होतं. फक्त मागचं चाक बाकी होतं. त्याची नुसती रिंग आणि टायर आलेले, मधला हब आणि स्पोक, म्हणजे चाकाच्या तारा, यायच्या होत्या.

विनोदिनी म्हणाली, “अहो, एवढी काळजी कसली? धोंड्याचा महिना लागलाय. तात्यांनी परवाच बोलावणं धाडलंय.”

अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो. त्यात जावयाला विष्णू समजून जेवायला बोलवायचं आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. तेहेतीसच का, तर तेहेतीसच. अनारसेच का, तर ते जाळीदार असतात. वाणाच्या वस्तूला भोकं पाहिजेत. त्या वर्षी सांगलीत गूळ होता, पण अनारशांना लागणारे तांदूळ कंट्रोलात. सासूबाई रडकुंडीला आल्या. तात्या मात्र रात्रभर पोथी चाळून सकाळी हसतमुखानं उठले.

जेवणं झाली. जावयाला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि तांब्याच्या तबकात वाण समोर आलं. मधे निरांजन, एका बाजूला चकचकीत हब, आणि त्याच्याभोवती ओळीनं मांडलेले, हळदकुंकू लावलेले स्पोक.

“हबला भोकं आहेत,” तात्या समाधानानं म्हणाले. “जाळीदार वस्तूची अट पुरी झाली. आणि स्पोक मोजून तेहेतीस. अनारसे काय, आठ दिवसांत संपतात. हे वाण जन्मभर फिरत राहील.”

नारायणरावांनी वाकून नमस्कार केला. त्यांच्या मनात शंका आली नाही. यायचं कारणही नव्हतं. चाकाला स्पोक किती लागतात हे त्यांना काय ठाऊक?

सातारला परतल्यावर रविवारी सकाळी ते निघाले. सांगाडा स्वतःच्या गळ्यात, बाकीचे पार्ट पोत्यात, आणि पोतं कचेरीतला शिपाई कोंडीबा याच्या डोक्यावर. मोती चौकापलीकडे रहिमान मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. रहिमान मिस्त्री पन्नाशीचा, दाढी मेंदीनं रंगवलेली, हात तेलानं काळे. साताऱ्यात त्याच्यासारखं चाक सरळ करणारा दुसरा नव्हता, आणि हे त्याला सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

“सलाम, रावसाब. बसा. पंक्चर हाय?”

“पंक्चर नाही. सायकल आहे.”

“कुठाय?”

कोंडीबानं पोतं खाली ओतलं.

मिस्त्रीनं एकेक पार्ट उचलला, उलटा केला, नाकाजवळ नेऊन हुंगला. “कुठनं आनलं ह्ये?”

“सांगलीहून.”

“सांगलीहून,” मिस्त्री म्हणाला आणि पार्ट खाली ठेवला. “का वं रावसाब, साताऱ्यातली दुकानं काय मेली?”

“तसं नाही हो मिस्त्री...”

“मानूस खानावळीत जातो, घरचं पीठ संगं नेतो आन म्हनतो, ह्येच्या भाकरी थापून वाढ. त्ये चालंल का खानावळवाल्याला? आं?”

“चालणार नाही,” कोंडीबा मधेच म्हणाला.

“तू गप रे!” नारायणराव ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मिस्त्री, मी विकत आणलेलं नाही. सासऱ्यांनी दिलंय. सणावाराचं आहे.”

मिस्त्रीचा चेहरा जरा पालटला. त्याची मुलगी जरिना दोन वर्षांपूर्वीच मिरजेला दिलेली होती. “सासऱ्यानं दिल्यालं? मंग तुमचा दोष न्हाई. जावयाच्या नशिबाला जे यील ते यील. बसवून दितो. पन माझी येक रीत हाय.”

त्यानं खिळ्याला टांगलेला एक डबा काढला. पांढरा रंग. आत एक झिजलेला ब्रश.

“मागं येक मास्तर पुन्याहून पायडल घिऊन आला. म्या बसावलं. महाबळेश्वरच्या घाटात पायडल मोडलं, मास्तर दरीच्या कडंला लोंबाकळला, आन सगळ्या साताऱ्याला सांगत सुटला, रहिमानचं काम कच्चं. आवं, काम माझं, माल माझा हाय व्हय? तवापासनं म्या ठरीवलं. जे बाहीरचं, त्येला पांढरा पट्टा. मोडलं तर समद्या दुनियेला दिसाय पायजे, ह्ये रहिमानचं न्हवं. पट्टेवाल्या मालाची ग्यारंटी न्हाई.”

“मारा पट्टा,” नारायणराव उदारपणे म्हणाले. पट्ट्यानं काय बिघडतंय?

मिस्त्रीनं हब हातात घेतला, गोल गोल फिरवला आणि स्पोक मोजायला लागला. एकदा मोजले. पुन्हा मोजले. मग पोतं झटकून बघितलं. मग कोंडीबाकडे संशयानं बघितलं.

“आयची शपत, म्या काय बी घेतलं न्हाई!” कोंडीबा म्हणाला.

“रावसाब, तेहेतीस हायत.”

“बरोबर. तेहेतीसच.”

“मागच्या चाकाला चाळीस लागत्यात. ह्यो हब बघा, चाळीस भोकं. रिंगला चाळीस भोकं. सात कमी.”

नारायणरावांनी त्याला धोंड्याचं वाण समजावून सांगितलं. मिस्त्रीनं ते मान हलवत, मोठ्या आदरानं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “लय चांगली रीत. पन रावसाब, तेहेतीस अनारसं खाऊन मानूस चालंल. चाक न्हाई चालनार.”

घरी विनोदिनीनं हे ऐकलं आणि तिचा पारा चढला. “तात्यांचं? चुकलं? तीस वर्षं संस्थानचं दफ्तर सांभाळलं, एक कागद कधी हरवला नाही! चुकायचं नाही त्यांचं. त्या चाकालाच सात भोकं जास्त पाडलीत.”

“अगं, चाकाला चाळीसच...”

“मग तुमच्या मिस्त्रीला म्हणावं, बुजव ती.”

नारायणरावांनी गुपचूप सांगलीला पत्र टाकलं. चौथ्या दिवशी तात्यांचं कार्ड आलं. मोत्यासारखं अक्षर. ‘चि. नारायणराव यांस अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष. पत्र पावले. अधिकाचे वाण तेहेतीसचेच असते. चाळीस दिल्यास दात्यास व घेणाऱ्यास दोघांसही दोष लागतो. उरलेले सात स्पोक पुढील अधिकात, म्हणजे तीन वर्षांनी, अवश्य मिळतील. तोवर सायकल जपून वापरावी. चि. सौ. विनोदिनीस आशीर्वाद.’

कार्ड हातात धरून नारायणराव ओट्यावर मटकन बसले. तीन वर्षं! सोमवार पाच दिवसांवर आला होता. डोळ्यांसमोरून धान्य-तपासनिसाची टोपी हळूहळू निघून चालली. संध्याकाळी ते मिस्त्रीच्या दुकानात जाऊन बसले. मिस्त्रीनं कार्ड वाचून घेतलं, दाढी खाजवली.

“सासरा ग्वाड हाय तुमचा,” तो म्हणाला. “आता काय करावं म्हनता?”

“तुमच्याकडचे सात घाला, मिस्त्री. पाया पडतो.”

“माझं?” मिस्त्री दचकला. “माझं सात आन त्येंचं तेहेतीस, येका चाकात? आवं, चाक वाकडं झालं तर नाव कुनाचं जाईल? तेहेतीसांनी सातांवर ढकलायचं, सातांनी तेहेतीसांवर. नगं गड्या.”

“मिस्त्री, माझी जागा जाईल हो! बारा वर्षं झाली, एका स्टुलावर बसून. सोमवारी साहेब सायकल बघणार आहेत. नाही नेली तर पुन्हा तेच स्टूल.”

मिस्त्री उठला आणि त्यानं कपाटातून कागदात गुंडाळलेले सात स्पोक काढले. लढाईच्या आधीचा माल. जपून ठेवलेला.

“तुमच्यासाठी म्हनून दितो,” तो म्हणाला. “पन पट्टं मारनार. तेहेतीसांना येक येक.”

रविवारी सकाळी सायकल तयार झाली. भिंतीवरून उतरून, पोत्यातून निघून, दीड वर्षानं ती प्रथमच स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. आणि दिसत होती! सांगाड्याला पांढरे पट्टे, हँडलला पट्टे, पायडलांना पट्टे, घंटीला एक बारीकसा पट्टा, मागच्या चाकात तेहेतीस स्पोकांना तेहेतीस पट्टे. काळे राहिले होते ते फक्त रहिमान मिस्त्रीचे सात. झेब्रा नावाचं जनावर नारायणरावांनी पुस्तकात बघितलं होतं, त्याची आठवण झाली.

विनोदिनी मुद्दाम बघायला आली होती. तिनं पदर सावरून सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. “हे पांढरं कशाला, मिस्त्री?”

“वैनीसाब, जे तुमच्या वडलांनी दिलं, त्येला पांढरा पट्टा.”

विनोदिनीनं पुन्हा एकदा सगळं नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघा,” ती नवऱ्याला म्हणाली, “किती दिलंय तात्यांनी!”

“आता बसा, रावसाब,” मिस्त्री म्हणाला. “चौकातनं येक चक्कर हाना. कुठं काय वाजतंय का बघू.”

नारायणराव दोन पावलं मागं सरकले. “नको नको. आज रविवार. उद्याचा मुहूर्त चांगला आहे.”

आता इथं एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली होती, ती सांगून टाकतो. नारायणरावांना सायकल येत नव्हती. म्हणजे चांगली येत नव्हती असं नव्हे. मुळीच येत नव्हती. आयुष्यात एकदाही ते सायकलवर बसलेले नव्हते. दिवाळसणाला तोंडातून निघून गेलं, आणि नंतर सायकल येत होती ती अशी कणाकणानं, की चालवायची वेळ येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. कुणी कधी विचारलंही नाही. भिंतीवरची सायकल चालवता येते का, असं कोण कुणाला विचारतं? म्हणून तर दीड वर्ष ते इतके सुखी होते. आणि सोमवारसाठी त्यांनी मनाशी बेत केला होता तो साधा: सायकल हातात धरून न्यायची, साहेबांना दाखवायची, शिक्का घ्यायचा, हातात धरून परत आणायची. साहेब ‘बघून’ म्हणाले होते. बघायला काय लागतं?

सोमवारी विनोदिनीनं सायकलला हळदकुंकू वाहिलं, नवऱ्याच्या हातावर दही घातलं. नारायणराव कोट-टोपी घालून सायकल हातात धरून निघाले. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, “पंक्चर झाली काय?” आणि ते हसून म्हणायचे, “नवी आहे. जरा फिरवून आणतोय.”

कचेरीच्या अंगणात सगळे कारकून जमले होते. साहेब व्हरांड्यात आले. सायकलकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

“हे पट्टे कसले?”

“ओळखीसाठी, साहेब,” नारायणराव म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

“छान. चोरीला जायची नाही. आता जरा चालवून दाखवा.”

नारायणरावांनी अंगणभर नजर फिरवली. “साहेब... इथं?”

“इथंच. त्या पाण्याच्या रांजणापर्यंत जा आणि या.”

काय करतात बिचारे! त्यांनी कोंडीबाकडे बघितलं. कोंडीबा बारा वर्षांचा सोबती. डोळ्यांतली भाषा त्याला कळली. तो जवळ आला, सीट धरली आणि कानाशी पुटपुटला, “रावसाब, तुमास्नी येतीया न्हवं?”

“कोंडीबा, नुसता ढकल.”

“मेलो!” कोंडीबा म्हणाला, आणि ढकललं.

आणि चमत्कार असा की सायकल चालली! एक हात गेली, दोन हात गेली, दहा हात गेली. पायडलं आपोआप फिरत होती, चाळीस स्पोक एकदिलानं फिरत होते, वारा टोपीत शिरत होता. नारायणरावांना वाटलं, अरेच्चा, एवढंच असतं होय? उगीच भ्यालो. त्यांनी घंटीसुद्धा वाजवली.

तेवढ्यात व्हरांड्यातून साहेबांचा आवाज आला, “शाबास, नारायणराव!”

बारा वर्षांची नोकरी ती. साहेबांचा आवाज कानावर पडला की हात जोडायचे, हे रक्तात भिनलेलं. नारायणरावांनी दोन्ही हात हँडलवरून उचलले, छातीशी जोडले, आणि मान वळवून नम्रपणे म्हणाले, “आपली कृपा, साहेब.”

त्यापुढं काय झालं ते त्यांना आठवत नाही. बाकीच्यांना मात्र चांगलं आठवतं, आणि ते अजून सांगतात. रांजण फुटला, अंगणभर पाणी झालं, सायकल रांजणाच्या तुकड्यांवर आडवी पडून मागचं चाक हवेत गरगर फिरत राहिलं, आणि नारायणराव तिच्या पलीकडे, अजून हात जोडलेलेच, चिखलात बसले होते. फक्त त्यातला डावा हात जोडता जोडता कोपराखाली भलतीकडेच वळला होता.

पण साहेब न्यायी माणूस. त्यांनी अर्ज मागवला, पुन्हा एकदा वाचला. “अर्जात विचारलंय, स्वतःची सायकल आहे काय. ती आहे, मी डोळ्यांनी बघितली. चालवता येते काय, असं सरकारनं विचारलेलं नाही.” आणि त्यांनी शिक्का मारला. शिवाय हुकूम लिहिला की, नवीन तपासनिसांस फिरतीवर नेण्यासाठी शिपाई कोंडीबा यानं सायकल चालवावी. कोंडीबाला सायकल झकास येत होती. त्यालाही आजवर कुणी विचारलं नव्हतं.

जावई सायकलवरून पडला, ही बातमी सांगलीला पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तात्या मोटारीतून उतरले ते घरी न जाता थेट मिस्त्रीच्या दुकानात. तिथं सायकल तपासणीला आलेली. नारायणरावही होते, कॅरियरवर बसून. कोंडीबानं त्यांना इस्पितळातून थेट इथं आणलं होतं. तात्या आल्याचं कळून विनोदिनीही मागून लगबगीनं आली.

“कोण तो मिस्त्री?” तात्या गरजले. “माझा दिलेला माल नीट बसवता येत नाही?”

“आन कोन त्यो सांगलीवाला?” मिस्त्रीही उठला. “सात स्पोक कमी दिऊन वर तोंड करतोय!”

“तेहेतीस म्हणजे तेहेतीस! शास्त्र आहे!”

“चाळीस म्हंजे चाळीस! चाक हाय!”

दोघांनी नारायणरावांना खाली उतरवून सायकल मधे ओढली. तात्यांनी चष्मा पुसून एकेक पट्टा तपासला. सांगाडा बघितला, हँडल बघितलं, पायडलं फिरवली. मिस्त्रीनं मागचं चाक उचलून गरगर फिरवलं. चाक केसभरसुद्धा डुगडुगलं नाही.

तात्यांचा राग खाली आला. “चाक सरळ आहे,” त्यांनी कबूल केलं. “काम पक्कं आहे तुमचं.”

“मालबी चांगला हाय तुमचा,” मिस्त्री म्हणाला. “खोटं कशाला बोलू? रांजन फुटला पन घंटीला पोचा न्हाई. आसा माल आता मिळत न्हाई.”

“तुमचे सात कुठले?”

“लढाईच्या आधीचं.”

“तरीच!”

दोघंही एकमेकांकडे मोठ्या मायेनं बघायला लागले. मिस्त्रीनं तात्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला. नारायणरावांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ते पुन्हा कॅरियरवर जाऊन बसले होते, आणि कोंडीबा सायकल कलंडू नये म्हणून धरून उभा होता.

चहाचा घोट घेता घेता तात्या एकदम थांबले. “पण मिस्त्री, माझा माल शाबूत. तुमचा माल शाबूत. मग मोडलं काय?”

सगळ्यांची नजर हळूहळू कॅरियरकडे वळली. नारायणरावांचा डावा हात गळ्यात बांधलेला, आणि कोपरापासून मनगटापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर.

मिस्त्री जवळ आला. वाकून त्यानं प्लास्टर निरखलं, बोटानं टकटक करून बघितलं आणि मान हलवली.

“तात्यासाब, ह्यो पट्टा म्या मारल्याला न्हाई. डाक्टरनं मारलाय. म्हंजे हितंबी कुनी ग्यारंटी घेतली न्हाई.”

तात्यांनी बशी खाली ठेवली आणि जावयाकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं.

“खरं आहे,” ते म्हणाले. “हा बाहेरचा माल मी साताऱ्यातूनच पसंत केला होता. तेव्हा तुमची ओळख असती, मिस्त्री, तर मांडवातच पट्टा मारून घेतला असता.”

पदराआडून विनोदिनी फस्सकन हसली. नारायणरावांनी सवयीनं हात जोडायला घेतले, आणि कोंडीबा ओरडला, “रावसाब, धरून बसा!”